नवा अंक आला का?

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिक विभागाच्या कोपऱ्यात एक करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. कपाट म्हणायचं, पण आत फळ्या नव्हत्या. एकावर एक सरकते ट्रे, आणि प्रत्येक ट्रेमध्ये एकाखालून एक डोकावणारी कार्डं. त्याला कार्डेक्स म्हणतात. एका नियतकालिकाला एक कार्ड. डावीकडे वर्ष, वर महिने आणि मधल्या चौकटीत अंक हाती आला त्या दिवसाची तारीख. सकाळी अकराच्या सुमारास टपाल आलं की मी वेष्टनं फोडायची, ट्रे ओढायची, कार्डावर तारीख घालायची आणि अंक मांडणीवर लावायची. चौकट रिकामी राहिली तर महिनाभर वाट पाहून प्रकाशकाला स्मरणपत्र. वीस वर्षं हे केलं. ‘मॅडम, नवा अंक आला का?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग होता.

कपाट पुढे भंगारात गेलं. अंक कागदावर यायचे कमी झाले, बरेचसे संकेतस्थळांवर गेले, आणि तिथे एक विचित्र अडचण उभी राहिली. कागदाचा अंक आपण होऊन दारात यायचा. संकेतस्थळावर नवं काही आलं की नाही हे पाहायला मात्र आपणच जायचं. चाळीस ठिकाणी रोज डोकवायचं, त्यातल्या सदतीस ठिकाणी कालचंच असायचं. या अडचणीवरचा उपाय १९९९ सालीच निघाला होता. मला तो कळायला सात-आठ वर्षं लागली, आणि माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वाचकांना तो आजही माहीत नसतो. त्याचं नाव आरएसएस फीड.

फीड म्हणजे काय हे मी विद्यार्थ्यांना फलकाच्या उदाहरणानं सांगते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा फलक असतो. त्यावर ग्रामसेवक नव्या सूचना लावतो, नवी वर, जुनी खाली, आणि जागा संपली की सर्वांत जुनी काढून टाकतो. फलक कुणाच्या घरी जात नाही. आता समजा, तुम्ही एक पोरगा नेमलात. त्याला पन्नास गावांची यादी दिलीत. तो दर तासाला सगळे फलक पाहून येतो आणि फक्त नवी सूचना तेवढी तुमच्या टेबलावर ठेवतो. फलक म्हणजे फीड, आणि तो पोरगा म्हणजे फीड रीडर नावाचं सॉफ्टवेअर. संकेतस्थळाची सजावट, जाहिराती, रंगीत चित्रं यांच्याशी त्या पोराला कर्तव्य नसतं. संकेतस्थळानं त्याच्यासाठी वेगळी, साधी, नुसत्या मजकुराची एक फाइल ठेवलेली असते, तेवढीच तो वाचतो.

ती फाइल एकदा डोळ्यांनी पाहावी असं माझं सगळ्यांना सांगणं आहे. एक्सएमएल नावाच्या पद्धतीनं ती लिहिलेली असते. म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर ती गोष्ट कोणती हे सांगणारी खूण. आरंभी ‘चॅनेल’: संकेतस्थळाचं नाव, पत्ता, एका ओळीत ओळख. त्याखाली एकामागून एक ‘आयटम’: प्रत्येक लेखाचं शीर्षक, दुवा, सारांश किंवा पूर्ण मजकूर, प्रसिद्धीची तारीख आणि वेळ. तारखेसोबत भारतीय वेळेची साडेपाच तासांची खूणही असते, म्हणून न्यूझीलंडमधल्या आणि रत्नागिरीतल्या नोंदी एकाच क्रमात नीट बसतात. कार्डेक्सच्या कार्डावर मी हाच तपशील लिहायची. पहिल्यांदा फीडची फाइल उघडली तेव्हा एखादी ओळखीची बाई परक्या शहरात भेटावी तसं झालं मला.

त्यातली एक खूण फार महत्त्वाची आहे. तिला जीयूआयडी म्हणतात. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा, कधीही न बदलणारा क्रमांक. आमच्याकडे पुस्तकाला दाखलअंक असतो तसा. शीर्षक बदललं, मजकुरातली चूक दुरुस्त केली, तरी दाखलअंक तोच. फीड रीडर वाचलेल्या नोंदींची आठवण ठेवतो ती याच क्रमांकावरून. एका संकेतस्थळानं मध्यंतरी सगळं घर नव्यानं मांडलं आणि जुन्या नोंदींना नवे क्रमांक दिले. सकाळी उघडून पाहते तर काही वर्षांपूर्वीचे लेख ‘नवे’ म्हणून रांगेत उभे. ग्रंथालयात कुणी दाखलनोंदवही नव्यानं लिहायला घेतली तर जो गोंधळ होईल, तोच.

दर तासाला हजारो रीडर येऊन पूर्ण फाइल मागू लागले तर संकेतस्थळाचा सर्व्हर दमून जाईल. म्हणून या दोघांमध्ये एक समजुतीची रीत आहे. रीडर येतो तेव्हा मागच्या वेळी सर्व्हरनं दिलेली खूण दाखवतो आणि विचारतो, यानंतर काही बदललं का? बदललं नसेल तर सर्व्हर नुसता ३०४ हा आकडा सांगतो. त्या आकड्याचा अर्थ: फरक नाही. फाइल पाठवली जात नाही, रीडर परत फिरतो. दिवसाला चोवीस फेऱ्यांपैकी तेवीस अशाच जातात आणि तरी कुणाचं काही खर्च होत नाही. ‘काही नवीन नाही’ हे इतक्या कमी शब्दांत सांगणारी व्यवस्था मी दुसरी पाहिली नाही.

एक मर्यादाही इथेच सांगून टाकते. फलकावरची जागा मोजकी असते. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाच्या फीडमध्ये, मालकानं काही बदललं नसेल तर, शेवटच्या दहाच नोंदी असतात. तुमचा पोरगा महिनाभर आजारी पडला आणि त्या महिन्यात वीस लेख आले, तर पहिले दहा हुकले. म्हणून मी आपल्याच संगणकावर चालणाऱ्या रीडरपेक्षा, आपला संगणक बंद असतानाही फेऱ्या मारत राहणारी सेवा पसंत करते.

हे करायचं कुणाच्या डोक्यात आलं? मुळात ही कल्पना वेबच्या आधीची आहे आणि ती आमच्या क्षेत्रातली आहे, हे मी अभिमानानं सांगते. १९५८ साली आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी एक योजना मांडली. प्रत्येक शास्त्रज्ञाच्या आवडीचे विषय यंत्रात नोंदवून ठेवायचे, येणारं प्रत्येक नवं कागदपत्र त्यांच्याशी ताडून पाहायचं आणि जे जुळेल तेवढंच त्याच्याकडे पाठवायचं. ग्रंथालयशास्त्रात याला निवडक माहिती प्रसारण म्हणतात, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. युजीन गारफील्ड यांचं ‘करंट कंटेंट्स’ त्याच धाटणीचं. जगभरच्या शोधपत्रिकांची नुसती अनुक्रमणिकेची पानं छापून दर आठवड्याला पुस्तिका यायची. प्राध्यापक त्यावर पेन्सिलीनं खुणा करून द्यायचे आणि आम्ही त्या लेखांच्या झेरॉक्स प्रती मिळवायला धडपडायचो. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचं आहे. आरएसएस मला त्या सूत्राचं पोटचं पोर वाटतं.

वेबवर ते जन्मलं मार्च १९९९ मध्ये, नेटस्केप कंपनीत. नेटस्केपचं ‘माय नेटस्केप’ नावाचं एक पान होतं. वाचकानं आपल्या आवडीची दालनं निवडायची आणि सगळ्यांचे ताजे मथळे एकाच पानावर पाहायचे. बाहेरच्या संकेतस्थळांनाही त्या पानावर दालन उघडता यावं, म्हणून त्यांनी मथळ्यांची फाइल कशी लिहायची याचा नमुना ठरवावा लागला. तो ठरवणाऱ्या दोघांपैकी एक डॅन लिबी आणि दुसरे रामनाथन गुहा. गुहा आयआयटी मद्रासमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून अमेरिकेत गेलेले. यंत्राला जगाचं साधं ज्ञान कसं शिकवावं, हा त्यांचा ध्यास. संकेतस्थळावरचा मजकूर माणसाला समजतो, तसा तो काय आहे हे यंत्रालाही कळलं पाहिजे, या विचारातून त्यांनी आधी केलेलं काम या नमुन्याच्या मुळाशी होतं. आरएसएस हा त्या मोठ्या स्वप्नाचा लहानसा, पण सगळ्यांत जास्त वापरला गेलेला तुकडा.

पुढची गोष्ट भांडणांची आहे. जुलैमध्ये लिबींनी नमुना सोपा केला. डेव्ह वायनर नावाचे एक खटपटे प्रोग्रॅमर १९९७ पासून स्वतःचा असाच नमुना वापरत होते, त्यातले काही भाग लिबींनी आपल्या नमुन्यात घेतले. त्यानंतर नेटस्केपनं यातून अंग काढून घेतलं आणि पोर उघड्यावर आलं. एका गटाला गुहांची मूळ, अधिक शास्त्रीय रचना परत हवी होती. दुसरीकडे वायनर साधेपणावर अडून बसले होते. डिसेंबर २००० मध्ये दोन्ही बाजूंनी आपापली आवृत्ती काढली. पहिल्या गटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. मोठी माणसं ईमेलवर वाद घालत असताना हा मुलगा आराखड्याचा सहलेखक झाला. या भांडणात आरएसएस या तीन अक्षरांचे अर्थसुद्धा तीन झाले. आधी आरडीएफ साइट समरी, मग रिच साइट समरी आणि शेवटी रिअली सिंपल सिंडिकेशन. सिंडिकेशन हा शब्द वर्तमानपत्रांच्या धंद्यातला. एकच व्यंगचित्रमाला किंवा सदर अनेक वृत्तपत्रांना पुरवणाऱ्या संस्थांना तिकडे सिंडिकेट म्हणतात.

सप्टेंबर २००२ मध्ये वायनर यांनी आवृत्ती २.० आणली. मग जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. जुलै २००३ मध्ये तिचे हक्क हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राला देऊन टाकले गेले आणि नमुना गोठवला गेला. आता यात बदल नाहीत. कुणाला नवं काही हवं असेल तर त्यानं वेगळ्या नावानं करावं. तसं केलंही गेलं. डिसेंबर २००५ मध्ये ॲटम नावाचा जास्त नीटस नमुना अधिकृत झाला. आजचे सगळे रीडर दोन्ही वाचतात, त्यामुळे वाचकाला फरक कळत नाही. पण गोठवल्यामुळे झालं असं, की २००३ मधली फीडची फाइल आजच्या रीडरला बिनचूक वाचता येते. त्या काळातली किती सॉफ्टवेअरं आज उघडतात हे आठवून पाहावं.

मराठीपुरती या कथेत एक वेगळी अडचण होती. तेव्हा बहुतेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खास फाँटवर चालायची. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा. संकेतस्थळाच्या पानावर हे चालून जायचं, कारण पान आपला फाँट सोबत आणायचं. फीडमध्ये फाँट येत नाही, मजकूर तेवढा येतो. त्यामुळे असा मजकूर रीडरमध्ये आला की ‘मुख्यमंत्री’च्या जागी कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. युनिकोड आल्यावर प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला आणि मराठी मजकूर आपल्या घराबाहेर पडूनही मराठीच राहू लागला. हौसेनं लिहिणाऱ्या मराठी ब्लॉगकारांनी युनिकोड आधी उचलला. त्यांच्या नव्या नोंदी एकत्र दाखवणारी संकलक स्थळं उभी राहिली, त्यांच्या पोटात सगळी यंत्रणा फीडची. ह्यूस्टनमधली बाई, कुवेतमधला अभियंता आणि सांगलीतला शिक्षक यांचं लिखाण एकाच पानावर, लिहिलं त्या क्रमानं, दिसायचं. दिवाळी अंक चाळावा तशी मी ती पानं चाळायची.

त्याच सुमारास, ७ ऑक्टोबर २००५ रोजी, गूगल रीडर आला. फुकट, वेगवान, आणि ब्राउझरमध्ये चालणारा. नारिंगी चौकोन, कोपऱ्यात ठिपका आणि त्यातून उमटणाऱ्या दोन कमानी ही फीडची खूण फायरफॉक्सनं रुळवली होती, तीच मायक्रोसॉफ्टनंही त्या डिसेंबरात स्वीकारली. सगळ्यांनी एकच खूण मान्य करणं ही संगणकाच्या जगात दुर्मीळ गोष्ट. मी ग्रंथालयाच्या संगणकावर रीडर लावला, विषयवार कप्पे केले आणि प्राध्यापकांना दर सोमवारी त्यांच्या विषयातले नवे लेख कळवू लागले. लून यांची योजना कोकणातल्या एका महाविद्यालयात एकही रुपया न खर्चता चालू होती.

१३ मार्च २०१३ रोजी गूगलनं जाहीर केलं की १ जुलैला रीडर बंद होणार. वापर घटला आहे, असं कारण दिलं. जगभरातून विनंत्या गेल्या, पण दिलेल्या तारखेला तो बंद झालाच. फीडचा काळ संपला असं लोक म्हणू लागले ते तेव्हापासून. मला ते तेव्हाही पटलं नाही. दुकान बंद झालं म्हणून धान्य पिकायचं थांबत नाही. सगळी संकेतस्थळं आपापले फलक लावतच होती. बंद झाला तो एक पोरगा. आणि जाताना तो माझी यादी मला परत देऊन गेला. फीडच्या जगात ओपीएमएल नावाची एक फाइल असते. तुम्ही ज्या ज्या फीडचे वर्गणीदार आहात त्यांची कप्प्यांसकट यादी. एका रीडरमधून ती उतरवून घ्यायची आणि दुसऱ्यात चढवायची. मला पाच मिनिटं लागली. फेसबुकवरून ‘मी कुणाकुणाला वाचते’ ही यादी घेऊन दुसऱ्या घरी असं नांदायला जाता येत नाही. माझी ओपीएमएल फाइल आज तिसऱ्या रीडरमध्ये आहे. घराच्या कागदपत्रांसोबत तिची प्रत ठेवलेली आहे.

फीडविषयी मला इतकं का वाटतं याचं कारण एका विद्यार्थिनीशी बांधलेलं आहे. एका कार्यालयानं शिष्यवृत्तीची सूचना आपल्या संकेतस्थळावर लावली आणि त्याच दिवशी समाजमाध्यमावरच्या पानावरही टाकली. मुलीनं ते पान ‘फॉलो’ केलेलं होतं. ती दिवसातून दहादा फोन पाहायची. सूचना तिच्यापर्यंत पोचली अकराव्या दिवशी, मुदत उलटल्यावर, एका मैत्रिणीनं ‘लाइक’ केलं म्हणून. ‘मॅडम, मी तर फॉलो केलं होतं,’ एवढंच ती म्हणाली. त्यावर तिला काय सांगायचं? फॉलो करणं म्हणजे वर्गणी भरणं, असा तिचा समज होता. तो समज चुकीचा होता, पण त्यात तिची चूक नव्हती. कोणती नोंद कुणाला, केव्हा दाखवायची हे तिथे वाचक ठरवत नाही आणि लिहिणाराही ठरवत नाही. मधली यंत्रणा ठरवते, आणि तिचा हिशेब एकच असतो: माणूस पडद्यासमोर जास्तीत जास्त वेळ कशानं थांबेल. शिष्यवृत्तीच्या सूचनेनं कुणी थांबत नाही.

पूर्वी गावात फलकही असायचा आणि दवंडीही. दवंडी जोरात ऐकू येते, पण दवंडीवाला कोणत्या गल्लीतून फिरला यावर सगळं अवलंबून. फलक मुका असतो, मात्र तिथे जाऊन पाहणाऱ्याला तो सगळं, तारीखवार, काहीही न लपवता दाखवतो. फीडमध्ये लाइक नाही, लोकप्रियता नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ नाही. नवं वर, जुनं खाली. यादी संपते, आणि ती संपली की ‘सगळं वाचून झालं’ असं स्पष्ट लिहून येतं. आता उठावं, बाहेर जावं, भाजी आणावी. शिवाय वर्गणीदार कोण हे प्रकाशकाला कळतही नाही. ईमेलचं वार्तापत्र हवं तर पत्ता द्यावा लागतो, तो पुढे कुठे कुठे जातो हे आपल्या हाती राहत नाही. फीडला नाव, फोन, पत्ता काहीच द्यावं लागत नाही. आपण फक्त पाहून येतो.

जाहिरातींवर जगणाऱ्या कंपन्यांना हे परवडत नाही, आणि फीड मागे का पडलं याचं मुख्य कारण तेच आहे. वाचक पानावर आलाच नाही तर जाहिरात कुणाला दाखवायची? ट्विटरनं २०१३ मध्ये आपली फीड बंद केली. फायरफॉक्सनं डिसेंबर २०१८ मध्ये आत असलेला फीडवाचक काढून टाकला. अनेक वृत्तपत्रं फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पुढचं वाचायला पानावर बोलावतात. त्यांच्यावर माझा राग नाही, वार्ताहरांचे पगार त्यातूनच निघतात. पण सरकारी कार्यालयानं, विद्यापीठानं, सार्वजनिक संस्थेनं फीड न ठेवण्याला मात्र काही सबब नाही. त्यांना जाहिरात विकायची नसते. सूचना लोकांपर्यंत पोचवणं हेच त्यांचं काम.

आणि जे ते करतात त्यांचा उपयोग पाहा. रिझर्व्ह बँक आपली प्रसिद्धिपत्रकं आणि परिपत्रकं फीडनं देते. आमच्या वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना वर्गात जायच्या आधी ती मिळतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतले वादळ-पावसाचे इशारे फीडमधूनही उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची भूकंपांची फीड आहे. जगात कुठेही मोठा धक्का बसला की काही मिनिटांत तीव्रता, ठिकाण, खोली रीडरमध्ये. भौतिकशास्त्र आणि गणितातले नवे शोधनिबंध जिथे आधी येतात त्या आर्काइव्हची विषयवार फीड आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीबीसी मराठीची आहे. मराठी विकिपीडियावर आत्ता कुणी कोणत्या लेखात काय बदललं, तेही फीडमध्ये पाहता येतं.

आणखी एका ठिकाणी तर लाखो लोक रोज आरएसएस वापरतात आणि त्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं. डिसेंबर २००० मध्ये वायनर यांनी नमुन्यात एक लहानशी सोय घातली होती, नोंदीसोबत एखादी फाइल जोडण्याची. आपण पत्रासोबत कागद जोडतो तशी. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी एक गाणं जोडून ती दाखवलीही. तीन वर्षं तिचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. मग ॲडम करी या माजी व्हीजेनं आणि इतरांनी त्या जोडलेल्या ध्वनिफिती आपोआप आयपॉडवर उतरवण्याची युक्ती केली, आणि जून २००५ मध्ये ॲपलनं ती आयट्यून्समध्ये घेतली. पॉडकास्ट ते हेच. आज पुण्यातल्या एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रित झालेला मराठी पॉडकास्ट वेगवेगळ्या ॲपमध्ये एकाच सकाळी पोचतो, त्याचं कारण एवढंच की ती सगळी ॲप एकच फीड वाचतात. म्हणून पॉडकास्टच्या जगात एका कंपनीला पूर्ण मक्तेदारी अजून मिळवता आलेली नाही.

सुरुवात कशी करायची हे लोक मला विचारतात तेव्हा मी आधी पाच नावं लिहायला सांगते. न चुकता वाचायला हवीत अशी पाचच संकेतस्थळं. मग एखादा रीडर घ्यावा. फीडली किंवा इनोरीडर फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे चालतात. आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर सुंदर आणि मोफत आहे. ईमेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्यात फीडची सोय आधीपासून आहे. रीडरमध्ये ‘ॲड’च्या चौकटीत संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता चिकटवायचा. नारिंगी चौकोन आता पानांवर क्वचित दिसतो, पण पानाच्या आत ‘माझी फीड अमुक ठिकाणी आहे’ अशी ओळ यंत्रांसाठी लिहिलेली असते आणि रीडर ती शोधून काढतो. सापडलं नाही, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहावं. वर्डप्रेसची स्थळं त्याला दाद देतात. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही फीड आहे, वाहिनीचा पत्ता दिला की पुरतं. कीर्तनं किंवा शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना याचा फार फायदा होतो, कारण शेजारच्या पट्टीतले भलतेसलते व्हिडिओ दिसत नाहीत.

पहिल्या उत्साहात माणूस शंभर फीड भरतो आणि महिन्याभरात ‘न वाचलेले: १८००’ पाहून रीडर उघडायचाच सोडतो. माझंही तेच झालं होतं. दिवसाला पन्नास बातम्या सोडणारी वृत्तपत्रं मी यादीतून काढली. बातम्यांना सकाळचा पेपर आहे. फीडची खरी किंमत कळते ती क्वचित लिहिणाऱ्यांच्या बाबतीत. जो रोज लिहितो त्याच्याकडे तुम्ही एरवीही जाल. जो वर्षातून दोनदा लिहितो, त्याच्या दारावरून रोज कोण जाणार?

माझ्या यादीत ‘सडा’ नावाचा एक कप्पा आहे. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात चार महिने उगवणाऱ्या वनस्पतींविषयी लिहिणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचं त्यात एकच संकेतस्थळ. शेवटची नोंद सोनकीवर होती, त्यानंतर चार वर्षं काही नाही. मी मधून मधून यादी साफ करते, ते नाव काढायला हात उचलला गेला नाही. त्याला काही लागत नाही. पोरगा दर तासाला जातो, ३०४ ऐकतो, परत येतो. गेल्या जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, सकाळी रीडर उघडला आणि त्या कप्प्यापुढे आकडा दिसला: १. मी चहा बाजूला ठेवला आणि उघडलं. सड्यावरच्या डबक्यात पुन्हा सापडलेल्या सीतेच्या आसवांचा फोटो होता, खाली तारीख, आणि दोन परिच्छेद.